फोन कुणाच्या हातात?

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदेला मी पालघरहून गेले होते. वक्ते म्हणाले, आता घरोघरी फोन आहे. मी उठून विचारलं, घरात कुणाच्या हातात? २०२० साली शाळा बंद होत्या. कारखाने सुरू झाले तसा घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर बोईसर-तारापूरला पाळीवर जाऊ लागला. रात्री परतला की आधी भावाचा अभ्यास. माझी विद्यार्थिनी तेव्हा भाकऱ्या थापत असायची.

आमच्याच बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुराख्यांसाठी कुरणात भरवली. हे सांगितलं, तर अध्यक्ष म्हणाले, "बाई, हा सामाजिक प्रश्न झाला, तांत्रिक नव्हे."

चहाच्या वेळी दोन शिक्षिका मला शोधत आल्या. आम्ही तिघी आता आपापल्या वर्गातल्या मुलींना मोकळा वेळ कधी मिळतो, ते लिहून काढतोय.