ग्लुकोजची पुडी आणि चिमूटभर मीठ



वैशाखाचें ऊन विदर्भांत कसें असतें हें निराळें सांगावयास नको. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील इंझोरीसारख्या गांवीं पारा चाळिसाच्या पुढें गेला म्हणजे दुपारीं रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवावा, ही आपली जुनी रीत. आतां त्या खड्याची जागा ग्लुकोजच्या पुडीनें घेतली आहे. शेतांतून थकून आलेला गडी, अशक्त झालेली बाळंतीण, परीक्षेस बसलेला मुलगा, जुलाब लागलेलें मूल, सर्वांना उपाय एकच: पेलाभर पाण्यांत दोन चमचे ग्लुकोज. ही पुडी शक्ति देते, अशी आपली समजूत. ती कितपत खरी आहे, याचा आज विचार करूं.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. ग्लुकोज ही एक साखरच आहे. कारखान्यांत ती बहुधा मक्याच्या पिष्टापासून तयार करतात. आपल्या नेहमींच्या साखरेंत अर्धा भाग ग्लुकोज असतें आणि उरलेला फ्रुक्टोज, म्हणजे फळांत आढळणारी साखर. ज्वारीच्या भाकरींतील पिष्टाचेंहि पोटांत अखेर ग्लुकोजच होतें. एक ग्रॅम ग्लुकोजपासून सुमारें चार कॅलरी मिळतात, साखरेपासूनहि तितक्याच. फरक आहे तो वेगाचा. ग्लुकोज पचवावें लागत नाहीं, तें थेट रक्तांत उतरतें, म्हणून क्षणभर तरतरी वाटते. मधुमेहाचें औषध घेणाऱ्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरली, घाम सुटला, हातपाय कांपूं लागले, तर शुद्धीवर असतां दिलेलें तीनचार चमचे ग्लुकोज त्याचे प्राण वांचवूं शकतें. हा या पुडीचा खरा गुण. परंतु तरतरी म्हणजे ताकद नव्हे. चुलींत पालापाचोळा टाकला तर जाळ भडकतो खरा, पण त्यावर भाकरी भाजून होत नाहीं.

ही चूक महागांत कशी पडते तें पाहा. निंदणीला जाणारी बाई महिनोन् महिने म्हणते, अंगांत त्राण नाहीं, जिना चढतांना धाप लागते. तिच्या मजुरींतून पुडी येते. २०१९ ते २१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. अशा बाईला उणीव असते ती बहुधा लोहाची. पुडींतील साखर ती भरून काढीत नाहीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार. तिला हवी रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या, आणि ताटांत डाळ, हिरवी भाजी व परवडेल तर अंडें. दुसरा एखादा सतत थकतो, त्याला तहान फार लागते. त्याचें कारण मधुमेहच असला, तर ग्लुकोज म्हणजे आगींत तेल.

आतां जुलाबाकडे वळूं. येथें साखर खरोखरच प्राण वांचविते, पण एकटी नव्हे. आंतड्याच्या अस्तरांत अशी योजना आहे कीं, ग्लुकोज आणि मिठांतील सोडियम हीं दोन्हीं जोडीनें आंत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि आंत ओढलें जातें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या मुक्तियुद्धांत पश्चिम बंगालमधील बनगांव येथें आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें रुग्णांना तोंडानें पाजण्यास आरंभ केला. पाजण्याचें काम नातेवाईकांनीं केलें. जेथें शेंकडा सुमारें तीस रोगी दगावत होते, तेथें हें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. २०२३ सालीं भारत सरकारनें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलें.

मात्र या औषधाचें मर्म प्रमाणांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणें एक लिटर पाण्यांत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असावें लागतें. साखर फार झाली तर ती शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढते व जुलाब वाढतात. म्हणून जुलाब लागलेल्या मुलास नुसतें ग्लुकोजचें पाणी किंवा डब्यांतील गोड पेय देणें धोक्याचें. बाजारांतील कांहीं गोड पेयांच्या नांवांत ‘ओआरएस’ हीं अक्षरें छापलेलीं असत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनीं त्याविरुद्ध अनेक वर्षें पाठपुरावा केला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें अशा पेयांच्या नांवांत तीं अक्षरें वापरूं नयेत, असा आदेश काढला.

मग घरीं करावें काय? आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रांत ओआरएसची खरी पुडी मिळते. ती आणून ठेवावी आणि तिच्यावर लिहिलें असेल तितक्याच स्वच्छ पाण्यांत सबंध विरघळवावी. ती नसेल तर एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडें थोडें पाजावें. अंगावर पिणाऱ्या मुलाचें दूध तोडूं नये. मूल मलूल झालें, डोळे खोल गेले किंवा पोटांत कांहींच टिकेना, तर दवाखान्यास उशीर करूं नये. उन्हांत राबणाऱ्यास वरचेवर पाणी, मीठ घातलेलें ताक आणि वेळेवर भाकरी पुरते. उन्हानें बरळूं लागलेल्या माणसास मात्र तोंडानें कांहीं देऊं नये; सावलींत नेऊन अंग पाण्यानें गार करावें व तडक रुग्णालयांत न्यावें.

पाहुण्यास गुळाचा खडा अवश्य द्यावा. त्यांत माया आहे, आणि औषध असल्याचा आव नाहीं. पुडी घेतांना एवढेंच करावें कीं, पुढचें चित्र पाहून झालें म्हणजे ती उलटावी आणि मागचीं बारीक अक्षरें कोणाकडून तरी वाचून घ्यावीं.