तीन लिटरचा हिशेब

(शिराळा तालुक्यातील महिला गट आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मला मोठ्या माणसांसमोर बोलायची सवय नाही. ताई म्हणाल्या, तुझे उन्हाळ्यातले दोन महिने जसे गेले तसे सांग. म्हणून सांगते.

मी पुण्यात व्यवस्थापनाचं शिक्षण घेते. पहिलं वर्ष संपलं की दोन महिने कुठल्यातरी कंपनीत काम करावं लागतं. त्याला समर इंटर्नशिप म्हणतात. जुन्या भाषेत उमेदवारी. मला एका सल्लागार कंपनीत जागा मिळाली. सल्लागार कंपनी म्हणजे काय, असं आईनं विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याच्या धंद्यात पैसा कुठं गळतो ते शोधून सांगणारी कंपनी. आई म्हणाली, "एवढ्यासाठी पैसे घेतात व्हय? आपल्याकडं वाडीतली म्हातारी फुकट सांगते."

मुलाखतीत आम्हा मुलींना एक जादा प्रश्न होता. रात्री उशीर झाला तर घरच्यांना चालेल का? माझ्याबरोबरच्या मुलाला तो विचारला नाही. मी "चालेल" म्हटलं. मग सांगितलं, मानधन नाही, पण अनुभव मोठा मिळेल. पुण्यातली खोली, खानावळ आणि बसभाडं मात्र अनुभवावर भागत नाही. ते आईनं दिलं. आमच्या दोन म्हशी आहेत. डेअरीचं दर दहा दिवसांचं बिल यायचं आणि त्यातलं निम्मं मला यायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं याच्याशी गाठ पडणार आहे.

ऑफिसात पहिल्या दिवशी कुठली म्हणून विचारलं. शिराळा म्हटल्यावर पुढचा प्रश्न नागपंचमीचाच. पण खेड्यातली आहे एवढं त्यांच्या लक्षात राहिलं आणि मला दुधाच्या कामावर घातलं. एका डेअरीचा वाहतूक खर्च वाढला होता, तो कमी कसा करायचा हे सांगायचं होतं. कोणती डेअरी ते मी सांगणार नाही, आपल्या तालुक्यातली नव्हती. पण मुलूख आपल्यासारखाच. खाली नदीकाठी ऊस, वर डोंगरात वाड्या.

तिथं बसून तक्ता केला. कोणत्या केंद्रावर किती लिटर, टेंपोला किती किलोमीटर, लिटरमागं डिझेल किती. उत्तर तासाभरात निघालं. डोंगरातल्या वाड्यांवर दूध थोडं आणि रस्ता लांब. ती केंद्रं बंद करायची आणि तिथलं दूध खालच्या गावच्या केंद्रावर आणायचं. तक्त्यात त्या ओळी मी स्वतः तांबड्या केल्या. साहेबांनी शाबासकी दिली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग चार दिवस त्या वाड्यांवर पाहणीला गेलो. माझ्याबरोबर दुसरा एक उमेदवार होता, शहरातला, मुलगा चांगला. हातात छापील प्रश्नावली. पहिला रकाना, शेतकऱ्याचं नाव. दुसरा, मुख्य व्यवसाय. एका घरी साठीच्या आतबाहेरच्या काकू होत्या. नवरा मुंबईला. आपल्याकडंही वरच्या अंगाच्या किती घरांतले पुरुष मुंबईला असतात, ते तुम्हाला माहीत आहे. दुधाचं पुस्तक नवऱ्याच्या नावावर. शेतकऱ्याचं नाव म्हणून त्याचं नाव लिहिलं. काकूंचा व्यवसाय माझ्या सोबत्यानं लिहिला, घरकाम. काकू तेव्हा वैरणीचा भारा उतरवत होत्या.

मी त्यांना म्हटलं, काकू, दिवस कसा जातो ते सांगा. पहाटे पाचला शेणघाण. मग धारा. सकाळी तीन लिटर, संध्याकाळी अडीच. किटली घेऊन केंद्रावर, पाच मिनिटांचं अंतर. मग वैरण कापायला बांधावर. म्हशी पाण्यावर. संध्याकाळी पुन्हा शेण, पुन्हा धारा. मी वहीत बेरीज केली तर सहा तासांच्या वर गेली. स्वयंपाक, पाणी, नातवंडं यात धरलेली नाहीत.

मी विचारलं, केंद्र खाली गेलं तर? त्या हसल्या. "खाली उतरायला पाऊण तास. चढून यायला तास. दोन वेळा." म्हणजे रोजचे साडेतीन तास, साडेपाच लिटरसाठी. पावसाळ्यात तर वाट निसरडी. "मग एक म्हैस विकायची, बाई. राहिलेलं दूध घरात."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पूर्वी बिल रोख मिळायचं, ते त्यांच्या हातात यायचं. आता ते पुस्तकावरच्या नावानं बँकेत जातं. खातं नवऱ्याचं. बँकेत पैसे जाणं वाईट नाही. पण नाव कुणाचं हे कुणी विचारलंच नाही, आणि हातातला पैसा न भांडता हातातून गेला.

पुण्याला परतल्यावर मी तक्त्यात एक रकाना वाढवला, बाईचा चालण्याचा वेळ. आमच्या वरच्या अधिकारी बाईच होत्या. हुशार, कष्टाळू. रात्री दहापर्यंत ऑफिसात बसून फोनवर मुलीचा अभ्यास घ्यायच्या. त्यांनी रकाना पाहिला, शांतपणे म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण हा खर्च डेअरीचा नाही. त्यांनी तो विचारलेला नाही." आणि रकाना काढला.

त्या रात्री मला झोप आली नाही. टेंपोचं डिझेल कंपनीच्या खिशातून जातं, म्हणून तो खर्च. बाईचे पाय कुणाच्याच खिशातून जात नाहीत, म्हणून तो खर्च नाही. डोंगरावरून टेंपो हटवला की खर्च कमी झाला असं आपण म्हणतो. तो कमी होत नाही. तो बाईच्या डोक्यावर जातो. आणि मी स्वतः काय होते? त्याच कामाच्या खर्चाच्या कागदावर माझ्या नावापुढं शून्य होतं. मी फुकट नव्हते. माझा खर्च आई करत होती, म्हशीच्या दुधावर. एका बाईच्या दुधाच्या पैशावर बसून मी दुसऱ्या बाईचं दूध बंद करायचा हिशेब मांडत होते.

ही काही नवी गोष्ट नाही. १९९१च्या जनगणनेत प्रथमच प्रगणकांना सांगावं लागलं की शेतावरचं बिनपगारी कामही काम म्हणून विचारा. वेळेची पाहणी सरकारनं १९९८-९९मध्ये सहा राज्यांत करून पाहिली, त्यात महाराष्ट्र नव्हता. सगळ्या देशाची पाहणी २०१९ साली झाली. तिच्यात निघालं की बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि करणारा पुरुष ९७. शिवाय हे काम करणाऱ्या बाया शंभरात ८१ आणि पुरुष २६. गोठ्यातलं काम या मिनिटांत नाही. आपल्याकडं हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं राबतात, हिशेबात कोयता एक, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती. रकाना पुरुषाच्या मापाचा असला की बाई त्याच्या आत दिसेनाशी होते.

पुढं काय झालं ते सांगते. मी पुन्हा अधिकारी बाईंकडं गेले. या वेळी पायांबद्दल बोलले नाही. ज्या बायांना मी भेटले त्यातल्या किती दूध घालणं थांबवतील आणि किती लिटर कमी होतील, एवढंच मांडलं. त्यांनी लगेच ऐकलं. अहवालाच्या शेवटी एक पान जोडलं गेलं, दूध घटण्याचा धोका म्हणून. टेंपो वाडीपर्यंत न नेता रस्त्याच्या फाट्यावर कॅन ठेवायचा, असा पर्यायही सुचवला. अहवालावर माझं नाव नव्हतं. माझी मुदत संपली.

मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. बाईचे साडेतीन तास कुणी मोजले नाहीत, तिचे लिटर मोजले. तुम्ही इतकी वर्षं काम करता, तुम्हाला विचारते. समोरच्याच्या तोट्याच्या भाषेत बोललं तर दार उघडतं, पण त्या भाषेत आपलं म्हणणं उरतं का? मला वाटतं, दार उघडायला ती भाषा वापरावी, पण आपल्या वहीत तास लिहायचं सोडू नये.

अजून एक, इथल्या कॉलेजातल्या मुलींसाठी. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही कर्मचारी नाही. आमच्यातल्या एका मुलीला ऑफिसातला एक माणूस रात्री नको ते संदेश पाठवायचा. आपण कर्मचारीच नाही तर तक्रार कुणाकडं करणार, म्हणून ती गप्प राहिली. आम्ही कायदा नंतर वाचला. राजस्थानातल्या भंवरीदेवी मानधनावर काम करणाऱ्या साथिन होत्या. १९९२ साली त्यांच्यावर बलात्कार झाला, त्यानंतरच्या लढ्यातून १९९७चा विशाखा निकाल आला आणि पुढं २०१३चा कायदा. त्या कायद्यात शिकाऊ, उमेदवार, स्वयंसेवक सगळे येतात, पगार असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत, आणि अडचणीचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आम्ही वाचलं तेव्हा मुदत संपलेली नव्हती. तक्रार करायची की नाही हे त्या मुलीनं ठरवायचं आहे. आम्ही तिच्याबरोबर आहोत, एवढं तिला सांगितलंय.

शेवटी तुमच्याकडं दोन मागण्या. गटाच्या बैठकीत एकदा प्रत्येकीनं आपल्या दिवसाचे तास लिहून काढावेत, लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावेत. आणि दुधाचं पुस्तक, बँकेचं खातं कुणाच्या नावावर आहे ते बघावं.

आमच्या घरचं मी बघितलं. बाबांच्या नावावर होतं. बाबांनी विरोध केला नाही, फक्त म्हणाले, "आजवर कुणी बोललंच नाही." सेक्रेटरीकडं तीन खेपा झाल्या. आता पुस्तकावर आईचं नाव आहे. पहिलं बिल तिच्या खात्यात आलं त्या दिवशी तिनं मला फोन केला आणि विचारलं, "तुला किती पाठवू?"

मी म्हटलं, या वेळी काही नको.