विजोड



कँटनकडच्या चिनी लोकांत एक वाक्प्रचार आहे: ताजे फूल शेणात खोवले. गुणी मुलीची गाठ भलत्याच नवऱ्याशी पडली की शेजारीपाजारी असे म्हणतात. आपल्याला ही उपमा नीटशी रुचणार नाही. आपण शेणाने अंगण सारवतो, दिवाळीत त्याचाच गोवर्धन मांडतो. आपला साधा शब्द 'विजोड'. पण चिनी काय, मराठी काय, हे बोलायचे ते मांडवातल्या पाहुण्यांनी. बोहल्यावरच्या मुलीने नव्हे.

देवलांचे 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या हातून शारदा सुटते खरी, पण कशामुळे? तिच्या अश्रूंमुळे नव्हे, वयातल्या अंतरामुळेही नव्हे. वधूवर सगोत्र निघाले म्हणून! गोत्रे निराळी असती तर?

त्याच्या आधीच या मुंबईत एका मुलीने 'विजोड' हा शब्द स्वतः उच्चारला होता, आणि तोही हायकोर्टात. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्या राहिल्या आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी, आणि तिथे वाचायला शिकल्या. नवऱ्याचे शिक्षण मात्र पुढे सरकले नाही. १८८४ साली त्याने बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. तो गरीब आहे, आजारी आहे, आणि अजाणत्या वयातले हे लग्न मला मान्य नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात चक्र फिरले. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. टिळकांच्या 'केसरी'ने दादाजीची बाजू उचलली. विलायतेतल्या पत्रांतही रण माजले. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला.

संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्याने वय दहाचे बारा केले, एवढेच.

रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी बायकांची सेवा केली. पुन्हा लग्न केले नाही. चरित्रकार सांगतात की १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा या बाईंनी विधवेचे पांढरे लुगडे धारण केले.