मेजर परमेश्वरन यांची हकीकत



आपली गावं नव्या मुंबईतली. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्द, मग चेंबूर, मग शीव आणि माटुंगा. आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहोत, ते ह्या मुंबईतच जन्मले आणि तिथेच शिकले. त्यांचे नाव रामस्वामी परमेश्वरन. जन्म १३ सप्टेंबर १९४६ चा. तेव्हा हा पूल नव्हता. खाडीच्या अलीकडे आपली भातखाचरं होती, मिठागरं होती.

घरची भाषा तमिळ. शाळा एस. आय. ई. एस. ह्या संस्थेची, कॉलेजही तिचेच. १९६८ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले. ह्याच संस्थेचे कॉलेज आज आपल्या नेरुळला आहे. येताजाता तुम्ही त्याची पाटी पाहिली असेल. अक्षरं कळू लागली की पाट्या वाचायचा नादच लागतो, नाही का?

१९७१ साली ते मद्रासला फौजी अधिकाऱ्यांच्या शाळेत दाखल झाले. १६ जून १९७२ रोजी त्यांना अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली. पलटण कोणती? महार रेजिमेंटची पंधरावी पलटण.

ह्या रेजिमेंटविषयी थोडे सांगितले पाहिजे. महार मंडळी पूर्वीपासून शिपाईगिरी करीत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हे फौजेत सुभेदार होते. पण पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. म्हणाले, ही लढाऊ जात नव्हे! पिढ्यान्‌पिढ्या बंदूक धरली, आणि एके दिवशी म्हणे तुम्ही लढाऊच नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पुन्हा बोलावले. युद्ध सरले, पलटण मोडली. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढे तिच्यात सगळ्या जातींची माणसं आली. असे आमचे परमेश्वरन, तमिळ घरातले, महार पलटणीचे साहेब झाले. शिपाई त्यांना 'पॅरी साहेब' म्हणत.

आता श्रीलंकेकडे वळू. रामेश्वरच्या पलीकडे, समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की हे बेट लागते. तिथे सिंहली लोक जास्त, तमिळ लोक कमी. १९५६ साली कायदा झाला, की सरकारी भाषा एकटी सिंहली. म्हणजे तमिळ माणसाच्या दारी सरकारी कागद आला, तर तो त्याला वाचता येईना. कागद वाचता न येणे म्हणजे काय, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! असंतोष वाढत गेला. १९८३ साली मोठी दंगल झाली, तमिळांची घरं जळाली. तरुणांनी बंदुका उचलल्या. त्यांतली सर्वांत बलवान टोळी म्हणजे लिट्टे, तमिळ वाघांची संघटना.

२९ जुलै १९८७ रोजी भारत आणि श्रीलंका ह्यांच्यात करार झाला. तमिळांना काही हक्क मिळावेत, बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवावीत, आणि हे नीट पार पडावे म्हणून भारताने फौज पाठवावी, असे ठरले. हीच शांतिसेना. संयुक्त राष्ट्रांची निळ्या टोपीची फौज वेगळी. तिच्यातही आपले जवान जातात. १९६१ साली आफ्रिकेतल्या काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया असेच कामी आले. दीडशेहून जास्त भारतीयांनी त्या निळ्या टोपीखाली प्राण दिले आहेत. श्रीलंकेतली फौज मात्र दोन देशांच्या करारावर गेली होती.

बांधावरून भावाभावांत जुंपली आणि तिसरा सोडवायला गेला, तर काठी कुणाच्या डोक्यात बसते, हे गावात सगळ्यांनी पाहिले आहे. इथेही तेच झाले. लिट्टेने शस्त्रं टाकली नाहीत. ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली. शांतता राखायला गेलेली सेना लढू लागली. त्यात जाफन्याच्या गरीब रयतेने फार सोसले. आपल्या फौजेच्या हातूनही निरपराध माणसं मेली, हे लपवून चालणार नाही.

परमेश्वरन तेव्हा आठव्या महार पलटणीत मेजर होते. जरा विचार करा. समोरच्या बंडखोराची भाषा तमिळ. ज्या बाईच्या घराची झडती घ्यायची, तिची भाषा तमिळ. साहेबांच्या आईचीही भाषा तीच. आम्हांला वाटते, इतका कठीण हुकूम थोड्यांच्याच वाट्याला येत असेल.

२४ नोव्हेंबर १९८७. जाफन्याजवळच्या कंतरोदई गावात शस्त्रं उतरली आहेत, अशी बातमी आली. एका कॅप्टनच्या हाताखाली वीस जणांची गस्त गेली. तिच्यावर गोळ्या आल्या. मग मेजरसाहेब स्वतः आणखी माणसं घेऊन निघाले. मध्यरात्र उलटून गेल्यावर संशयित घराला वेढा पडला. बाहेर एक रिकामा ट्रक उभा. घरात काही सापडले नाही.

झडती संपवून मंडळी माघारी फिरली. तेवढ्यात दबा धरून बसलेल्या बंडखोरांनी गोळीबार सुरू केला. अशा वेळी माणूस आडोसा शोधतो. परमेश्वरननी थोडे जवान घेतले, सरपटत वळसा घातला आणि शत्रूच्या पाठीमागून चाल केली. हातघाईची लढाई झाली. एकाने अगदी जवळून साहेबांच्या छातीत गोळी घातली. साहेबांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावली आणि त्याला तिथेच पाडले. रक्त वाहत होते, तरी प्राण असेपर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच बंडखोर मेले. तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले. जवानांची वाट मोकळी झाली. साहेबांचे वय होते ४१ वर्षांचे.

सरकारने त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिले. श्रीलंकेच्या त्या मोहिमेतले ते एकच परमवीर, महार रेजिमेंटचेही एकच. हे पदक काशाचे असते, त्यावर इंद्राची चार वज्रे असतात. त्याचा नमुना काढला सावित्रीबाई खानोलकर यांनी. ह्या बाई मूळच्या स्वित्झर्लंडच्या. मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच होऊन गेल्या.

कोणी विचारील, एवढे करून मिळवले काय? प्रश्न रास्त आहे. मार्च १९९० मध्ये आपली फौज परत आली. तोवर अकराशेहून अधिक जवान मेले होते. तिथले युद्ध मात्र २००९ पर्यंत चालूच राहिले. फौज पाठवणे बरोबर होते की चूक, ह्यावर जाणती माणसं आजही वाद घालतात. पण फौज पाठवायची की नाही, हे मेजरने ठरवले नव्हते. त्या रात्री आपली माणसं गोळ्यांखाली सापडली असता काय करायचे, तेवढे त्यांनी ठरवले.

मृत जवानांसाठी जाफन्याजवळ पलाली येथे स्मारक आहे, कोलंबोजवळही आहे. २०२३ साली अंदमानातल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली. वर्गातल्या नकाशावर अंदमान शोधा. बेटं इतकी बारीक आहेत की नावं छापलेली दिसायची नाहीत. त्यांतल्या एकाचे नाव आहे परमेश्वरन द्वीप.