जुन्या दूरचित्रवाणीतील उच्च दाब



भारतात दूरचित्रवाणी 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी उघडले. 1983 मध्ये इन्सॅट-1बी आकाशात गेला, पुढल्या वर्षी लहान प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले, आणि मग जळगाव-धुळ्यासारख्या गावांतही छपरांवर ॲंटेना सर्रास दिसू लागले. त्यांपैकी बहुतेक प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. तरी माळ्यावरचा व्हॉल्व्हचा संच पुन्हा चालू करावा अशी हौस काहींना असतेच. तो लावला की पुष्कळदा आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. हा दोष बहुधा उच्च दाबाचा असतो. त्याचा शोध कसा घ्यावा, हे आम्ही आज सांगणार आहोत.

चित्राच्या 625 रेषा सेकंदाला 25 वेळा काढायच्या, म्हणजे किरण सेकंदाला 15,625 वेळा उजवीकडे जाऊन परत फिरतो. परतताना पीएल 504 हा व्हॉल्व्ह प्रवाह एकाएकी तोडतो. पांझरेकाठच्या फडांना पाणी नेणारा पाट मध्येच फळी टाकून अडवला, तर पाणी उसळते; तशीच इथे वीज उसळते. एल.ओ.टी. नावाचा ट्रान्सफॉर्मर तिला पंधरा-अठरा हजार व्होल्टपर्यंत चढवतो आणि डीवाय 87 तिला एकाच दिशेने पिक्चर ट्यूबमध्ये सोडतो.

आता आवाज आहे, तेव्हा एका माळेत जोडलेल्या व्हॉल्व्हांच्या तारा शाबूत आहेत. एक तुटती तर सारेच विझते. डीवाय 87 मात्र या माळेत नाही. त्याची तार एल.ओ.टी.च तापवतो. म्हणून ती मंद उजळली, तर एल.ओ.टी. काम करतो आहे असे समजावे. संचातून बारीक शीळ येते का, हेही ऐकावे. म्हाताऱ्या कानांना ती ऐकू येत नाही, नातवाला विचारावे!

पीएल 504 लालबुंद झाला, तर संच तत्काळ बंद करावा. त्याच्या ग्रिडवर ऋण दाब नसेल, तर दोष मागच्या ऑसिलेटरमध्ये आहे. दाब असेल, तर संच बंद करून डीवाय 87 ची टोपी काढावी आणि ती मोकळी, दूर ठेवून क्षणभर पुन्हा लावून पाहावा. शीळ परतली, तर बिघाड त्या व्हॉल्व्हात किंवा त्याच्या पुढे. न परतली, तर पीवाय 88, बूस्ट कंडेन्सर आणि कॉइल पाहून शेवटी एल.ओ.टी.वर यावे. लोक नेमका तोच आधी बदलतात, आणि आज तो सहजासहजी मिळत नाही.

उजेड वाढवताच चित्र फुगून फिकट होते का? मग डीवाय 87 अशक्त झाला आहे. निळसर प्रकाश, फुसफुस आणि उग्र वास असेल, तर वीज गळते आहे. आमच्या खानदेशात वैशाखातली धूळ ट्यूबवर चिकटते आणि मृगाच्या पावसात ती ओलावते. मग गळतीस वाटच मिळते. ती कोरड्या फडक्याने पुसून संच पूर्ण वाळू द्यावा.

पण हे सारे एका अटीवर. असल्या संचाच्या सांगाड्यात थेट मुख्य वीज असू शकते. प्लग काढला, तरी पिक्चर ट्यूब भार साठवून ठेवते. म्हणून स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याला वायर बांधावी, तिचे दुसरे टोक आधी ट्यूबवरील काळ्या लेपाच्या जोडणीला लावावे आणि मगच पाते रबरी टोपीखाली सरकवावे. काच पुन्हा भार धरते, म्हणून हे दोनदा करावे. चालू संचात तपासताना एक हात खिशात असावा. साध्या मीटरने हा दाब कधीही मोजू नये. पीएल 504 च्या टोपीवरही तो चालत नाही. काच फुटली, तर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात.

सरावाचे हात नसतील, तर मेकॅनिककडे जाणे यात कमीपणा नाही. चित्र पाहण्याची घाई असावी. पण प्राणापेक्षा मोठी नसावी.