आधी आडवं, मग उभं

आलेखाच्या कागदावर (३, ५) आणि (५, ३) हे दोन वेगळे बिंदू आहेत. आरंभबिंदूपासून आधी आडवं जायचं, मग उभं. हा नियम केवळ परीक्षेपुरता नाही. पुणं साधारण १८.५ उत्तर अक्षांश, ७३.९ पूर्व रेखांशावर आहे. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो; पण नकाशावर रेखांश म्हणजे एक्स आणि अक्षांश म्हणजे वाय. म्हणूनच संगणकाच्या काही नकाशा-फाइलींत रेखांश आधी लिहितात. जोडी उलटली, तर पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं! रुग्णवाहिकेला ठिकाण कळवताना हे परवडेल का? मुलांना नियमासोबत त्याचं कारणही सांगा. क्रम आपोआप लक्षात राहील.