रिगाचा मिनॉक्स

आज बोलायचंय एका कॅमेऱ्याबद्दल, आणि रेडिओवरून तो दाखवता येत नाही. तेव्हा आठ सेंटिमीटर लांब, पावणेतीन सेंटिमीटर रुंद अशी स्टेनलेस स्टीलची एक पट्टी मनात आणा. जाडी दीड सेंटिमीटरहून जरा जास्त. दोन टोकं धरून ओढली की ती काडेपेटीसारखी सरकते आणि आतलं भिंग डोळा उघडतं.

हा मिनॉक्स. वॉल्टर झॅप या बाल्टिक जर्मन माणसाने तो योजला. पहिला नमुना १९३६ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिनला तयार झाला. मग लॅटव्हियातल्या रिगा शहरात व्हीईएफ या सरकारी विद्युत कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं.

कॅमेऱ्याचा डबा लहान करणं त्या मानाने सोपं. खरी पंचाईत निगेटिव्हची. इथे ती अवघी ८ बाय ११ मिलिमीटर. पोस्टकार्डाएवढा फोटो हवा तर ती बारा पट मोठी करावी लागते, आणि तिच्यावरची धूळही तेवढीच मोठी होते. म्हणून झॅपने फिल्मच्या कडेची भोकं काढून टाकली. सगळी रुंदी चित्राच्या कामी आली. डबीला दोन कप्पे: फिल्म एकातून दुसऱ्यात जाते, परत गुंडाळायची भानगड नाही. एका डबीत पन्नास फोटो.

भिंग १५ मिलिमीटरचं, आणि त्याला भोक लहान-मोठं करणारा डायफ्रामच नाही! तोंड कायम एफ ३.५ वर उघडं. पण एवढ्या आखूड भिंगात जवळचं-लांबचं बरंचसं आपोआप स्पष्ट येतं, आणि आधीच इवलंसं भोक आणखी बारीक केलं तर चित्र उलट मऊ पडतं. उजेड कमी-जास्त करायचा तो शटरने, अर्ध्या सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. वीस सेंटिमीटरवरचा कागदही टिपता येतो. हेरांना तो का भावला, हे यावरून कळावं. झॅपला मात्र तो सगळ्यांच्या खिशात हवा होता.

मला सगळ्यात आवडते ती त्याची सरकती चाल. मिटवून उघडला की फिल्म पुढे जाते, शटर ताणलं जातं आणि फिल्म मागून दाबून सपाट धरली जाते. तीन कामं, एकच हालचाल. खोड एवढीच, की फोटो न काढता नुसतं मिटवलं-उघडलं तरी एक चित्र वाया!

१९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि ‘मेड इन लॅटव्हिया’ या अक्षरांच्या जागी ‘मेड इन यूएसएसआर’ आलं. पुढे जर्मन आले. १९४३ पर्यंत साधारण सतरा हजार कॅमेरे निघाले. युद्धानंतरचे मिनॉक्स जर्मनीत झाले, हलक्या ॲल्युमिनियमचे. जुने स्टीलचे आजही चालतात. हौशी मंडळी ३५ मिलिमीटरची फिल्म पात्यांच्या साच्यातून ओढून तिच्या अरुंद पट्ट्या कापतात आणि जुन्या डब्यांत भरतात, अर्थात मिट्ट काळोखात, बोटांच्या अंदाजाने.